सातवा हमाल

क्रँडल साहेबांना शब्दामागे एक सेंट मिळायचा,
म्हणून त्यांचा अजगर लांब असायचा.
डोकं फांदीवरून खाली उतरे आणि शेपूट येईपर्यंत
माझी कॉफी गार.

मी टाइप करायचे. शिकागो, हॉलस्टेड स्ट्रीट,
तिसरा मजला, खाली खाटकाचं दुकान.
श्वापदांचा उग्र दर्प लिहायला
साहेबांना खिडकी उघडली की पुरे.
मिशिगन सरोवराच्या पलीकडे ते कधी गेले नाहीत.
मांजराला भ्यायचे.
सिंहाच्या जबड्यात हात घालणारा त्यांचा नायक
म्हणजे बर्फ टाकायला येणारा युस्टास:
तेच खांदे, तीच हनुवटी,
फक्त लादी काढून बंदूक दिलेली.
माझं आडनाव झेप्का. ते त्यांना उच्चारता येईना,
तेव्हा मी मिस आर.

मला सगळं पाठ होतं.
पान नऊ: म्हाताऱ्या प्रोफेसरांचा अर्धा जळका नकाशा.
पान सतरा: त्यांच्या मुलीचा घोटा मुरगळतो.
काय ते घोटे! मी टाचांचे बूट घालून
रोज तीन मजले चढायचे, एकदा काही झालं नाही.
ढोल वाजतात. ढोल थांबतात.
‘फारच शांत आहे,’ कुणीतरी म्हणतंच.
मग सोन्याचं शहर, त्याची गोरी राणी,
आणि बळी द्यायच्या नेमक्या घटकेला
खग्रास ग्रहण,
जणू पंचांगवाला नायकाचा मामा.

आणि पान एकेचाळीस. वेलींचा पूल.
तिथून सातवा हमाल पडायचा.
सहावा नाही, आठवा नाही.
नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही,
एका ओळीत पाय निसटणं, किंकाळी आणि मगरी,
सगळे मिळून अकरा सेंट.
‘बिचारा,’ नायक म्हणायचा,
‘चहाची पेटी त्याच्याकडेच होती.’
मग पाऊण पान सगळे
चहासाठी हळहळायचे.

चौतीस सालच्या फेब्रुवारीत
आमचा तादेउश कत्तलखान्यात शिडीवरून पडला.
आईला कंपनीचं पत्र आलं. कामगार क्रमांक दोनशे सहा.
खाली वेगळ्या शाईत
हातमोज्यांच्या जोडीचे पैसे कापल्याची नोंद.
वाचून मीच दाखवलं. आईला इंग्रजी येत नव्हतं.

सोमवारी कामावर गेले. दुपारी पान एकेचाळीस आलं.
ती ओळ मी टाइप केली नाही.
एवढंच. बंड वगैरे नाही, नोकरी हवी होती.
सहावा पलीकडे गेला, सातवा गेला, आठवा गेला.
सातव्याच्या डोक्यावर पेटी,
पाय जपून.

चहाची हळहळ मात्र चुकून राहिली,
म्हणजे पेटी समोर आणि माणसं व्याकूळ.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
संपादकांनी नेहमीसारखा अजगर कापला.

पण नंतर मलाच झोप येईना.
साहेबांनी त्याच्यासाठी पुढे काही लिहिलंच नव्हतं.
दीडशे पानं तो नुसता चालत राहिला,
ना एक वाक्य, ना एक घोट पाणी.
ग्रहणात बाकीचे पालथे पडले तेव्हा
त्याने ओझं उतरवून मान मोडून घेतली असेल, असं मला वाटतं.
घरी जायचं तर कुठे?
वाचनालयात जाऊन नकाशा उघडला.
साहेबांची नदी त्यात कुठेच नव्हती,
आणि पुस्तकात ती डोंगर चढत होती.

नाव तरी द्यावं म्हणून कागद चढवला.
बोटांनी आपोआप तादेउश लिहिलं.
खोडलं.
त्याच्या आईने त्याला काही हाक मारली असेलच,
ती मला ठाऊक नाही,
आणि टाइप करून ठाऊक होणार नाही.

कार्बनची प्रत अजून माझ्या कपाटात आहे.
पान एकेचाळीसच्या तळाशी
एका ओळीपुरती कोरी जागा.
तिथूनच कुठेतरी तो वळला असावा.
पेटी घेऊन गेला असेल तर बरं.